तड्याच्या टोकाशी

ताम्हिणी घाट उतरून माणगावला थांबलो, तेव्हा मोटरसायकलच्या अ‍ॅक्रिलिकच्या विंडशील्डवरचा तडा दिसला. दगड लागल्याची कुठलीच खूण नव्हती. डावीकडच्या खालच्या बोल्टच्या भोकातून निघून तो तिरपा वर चढला होता, बोटभर लांब. तडा असा भोकातून निघाला, की बोल्ट काय सांगतोय ते आधी ऐकावं. सर्व्हिसिंगला कुणीतरी तो पान्याने करकचून आवळला होता आणि खालचं रबर चेपून सपाट झालं होतं.

अ‍ॅक्रिलिक उन्हात पोलादाच्या जवळजवळ सहापट प्रसरण पावतं. चाळीस सेंटीमीटर रुंदीची काच पहाटेच्या घाटातून दुपारच्या उन्हात आली, तापमान तीस अंशांनी वाढलं, की ती जवळजवळ एक मिलिमीटर वाढते. तेवढी जागा भोकात हवी. ती मिळाली नाही की सगळा ताण भोकाच्या कडेवर येतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्याला तिथूनच चीर सुटते.

पुण्यात परतल्यावर एका मेकॅनिकने झटपट चिकटणारा गोंद लावून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. त्या गोंदाची वाफ काचेवर पांढुरकी बसते आणि तडा आतून पुढे सरकतच राहतो. मी दुकानांचे अ‍ॅक्रिलिकचे बोर्ड करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. हे काम त्यांचंच आहे, असं मला अजूनही ठामपणे वाटतं.

त्यांनी काच उजेडात धरली आणि तड्याचं टोक शोधायला बराच वेळ घेतला. "दिसतं तिथं संपत नाही दादा, थोडं पुढं असतं," म्हणाले. ड्रिलच्या बिटची धार त्यांनी आधी दगडावर घासून मारली, कारण धारदार बिट अ‍ॅक्रिलिकमध्ये घुसून टवका काढतं. खाली लाकूड, वर चिकटपट्टी, आणि दिसणाऱ्या टोकाच्या जरा पुढे सावकाश एक बारीक भोक. तड्याच्या अणकुचीदार टोकावर एकवटलेला ताण गोल कडेवर पसरतो, म्हणून तडा तिथे थांबतो. विमानाच्या पत्र्यालाही हाच उपाय करतात.

मग दाराशी, मोकळ्या हवेत, त्यांनी सिरिंजच्या सुईने तड्यात क्लोरोफॉर्म सोडला. तो आपोआप आत ओढला गेला आणि चमकणारी रेष बघता बघता विझली. इथे गोंद नसतोच. दोन्ही कडा विरघळून एकमेकींत मिसळतात. म्हणूनच काच गाडीवर असताना ते हात लावायला तयार नव्हते. ताणाखालच्या अ‍ॅक्रिलिकला असं द्रव्य लागलं की नवे तडे जातात. रात्रभर ती सपाट पडून राहिली.

ही डागडुजी चालली, कारण तडा नजरेच्या खाली होता. तो डोळ्यांसमोर असता तर मी काच बदलायलाच सांगितलं असतं. रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या रेषेवर फुटतो आणि क्षणभर रस्ता दिसेनासा होतो. घाटात तो क्षण फार मोठा असतो.

पावसाळा त्या काचेने काढला. उन्हाळ्यात मात्र दुसऱ्या बोल्टभोवती केसासारख्या रेषांचं जाळं उमटलं. ते जोडता येत नाही. नाना पेठेतून पॉलिकार्बोनेटची काच आणली. ती सहसा फुटत नाही, पण ओरखडे लवकर पडतात आणि पेट्रोलचं फडकं तिलाही सोसत नाही, म्हणून धुवायला फक्त पाणी आणि सौम्य साबण. बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते निळं द्रव्यही तिच्याजवळ आणलं नाही. पितळी नट बसवलेली नवी रबरं आणि नायलॉनचे वॉशर घेतले, चारही बोल्ट आधी हातानेच लावले, मग समोरासमोरचे आळीपाळीने फिरवले. रबर किंचित फुगलं तिथे थांबलो. वरंधा घाटात जाऊन आल्यावर बोल्ट पुन्हा तपासले. एकालाच पाव फेरा द्यावा लागला.