कबर नसलेला शिपाई



रायगड जिल्ह्यातील माणगावला तहसील कार्यालयापाशी एका सैनिकाचा पुतळा आहे. तो पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा. ते याच माणगाव तालुक्याचे. मराठा पलटणीतून ते दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले आणि परत आले नाहीत.

१० जुलै १९४४ चा तो दिवस. तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. सारे सोबती मेले किंवा जखमी झाले. यशवंतराव एकटेच पुढे धावले. हातगोळा फेकून त्यांनी मशीनगन बंद पाडली. एका शत्रूला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. इतक्यात लपलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांना लागल्या. जिंकलेल्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे २२ वर्षे! त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

ही हकीकत मी वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, त्यांची कबर कुठे आहे?"

मी म्हणालो, "बेटा, त्यांचा दफनाचा किंवा दहनाचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नाही."

"मग त्यांच्या घरच्यांनी आठवण काढायला जायचे कुठे?"

वर्ग शांत झाला. लहानपणी शबे-बरातला मी वडिलांचे बोट धरून कब्रस्तानात जात असे. आजोबांच्या कबरीपाशी उभे राहून आम्ही फातेहा पढत असू. आमचे माणूस कुठे निजले आहे, हे आम्हाला ठाऊक होते. केवढी दौलत होती ती! हे मला त्या दिवशी कळले.

मुलांनो, इटलीत कॅसिनो येथे एक स्मारक आहे. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत, अशा ४,००० हून अधिक सैनिकांची नावे त्यावर कोरली आहेत. त्यांत यशवंतरावांचेही नाव आहे. पुढे जुलै २०२३ मध्ये इटलीतल्याच मोंतोने या गावी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले गेले. 'आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो', असे त्याचे बोधवाक्य आहे.

तेव्हा आपला देश पारतंत्र्यात होता. युद्ध करायचे की नाही, हे शिपायाला कोणी विचारले नव्हते. तरी मरण त्याच्याच वाट्याला आले. म्हणून त्याची आठवण ठेवणे हे युद्धाचे गोडवे गाणे नव्हे. ते माणसाचे देणे फेडणे आहे.

आपल्या राज्यातील कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाच्या पाट्या आहेत. गावातून किती माणसे गेली, किती मेली, एवढाच आकडा त्यांवर असतो; नावे नसतात. तुमच्या गावात अशी पाटी आहे का, ते पाहा. असेल तर वडीलधाऱ्यांना नावे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ज्याला कबर नाही, त्याला निदान नाव तरी असावे.