पंप उतरवण्याआधी

कराड,
१२ नोव्हेंबर

चि. दत्तू यास,


तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. शिवाय असल्या गोष्टी फोनवर सांगितल्या की निम्म्या विसरल्या जातात. म्हणून लिहितोय. वाचून झालं की कागद गाडीतच ठेव.

तू सांगितलंस त्यावरून मला समजलं ते असं. चिपळूणहून चिरा भरून निघालास की पोफळीपर्यंत गाडी ठणठणीत असते. कुंभार्ली घाट अर्धा चढला की पिकअप जातो, मिसिंग सुरू होतं आणि गाडी बंद पडते. चहा होईस्तोवर थांबलं की एका सेल्फला चालू, आणि पुढे पाटणपर्यंत काही तक्रार नाही. मिस्त्रीने एकाच दिवशी दोन्ही फिल्टर, तांब्याचे वॉशर, फीड पंपाचं किट असं सगळं बदललं. आठवडाभर बरी चालली, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो पंप गेला, उतरवून बेंचवर लावू.

उतरवू नकोस. सगळी नोकरी पंप-नॉझलच्या दुकानात बेंचपुढे काढलेला माणूस हे सांगतोय, म्हणून ऐक.

बेंचवर आम्ही काय करतो? विजेची मोटर पंप फिरवते. पंपाला तेल मिळतं ते बेंचच्या टाकीतून, बेंचच्या फिल्टरमधून, ठरल्या दाबाने आणि चाळीस अंशांच्या आसपास गरम. समोरच्या काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला किती तेल येतं ते मोजतो. आता मला सांग, तुझी टाकी, टाकीचं झाकण, टाकीपासूनची रबरी नळी, यातलं काय आलं बेंचवर? काहीच नाही. घाटही आला नाही. बिघाड त्या भागात असेल तर पंप बेंचवर पास होणार आणि गाडी पुन्हा कुंभार्लीत उभी राहणार. त्यातून जुना पंप उघडला की थोडी झीज सापडतेच, म्हणजे बिलाला कारण मिळतं. आणि परत बसवताना टायमिंग थोडं इकडे-तिकडे झालं तर एकाचे दोन बिघाड.

तुझ्या गाडीचा पंप फार चिवट जातीचा आहे. बॉशने जर्मनीत १९२७ साली डिझेल पंपांचं नियमित उत्पादन सुरू केलं आणि १९५१ साली भारतात हे पंप बनवणारी मायको कंपनी उभी राहिली. अशा लायनीतल्या (इनलाइन) पंपाची बांधणी आजवर मुळातून बदललेली नाही. आत प्लंजर आणि बॅरल यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते, म्हणून ती जोडीनेच घासून बनवतात आणि जोडीनेच बदलतात. घाणीने आणि पाण्याने ती झिजते, पण हळूहळू. झिजलेल्या पंपाची गाडी सगळीकडेच ओढायला कमी पडते आणि गरम झाल्यावर सेल्फला त्रास देते. तुझी गाडी तर मधल्या वेळात पूर्ण ताकदीने पळते. झिजलेलं एलिमेंट, म्हणजे ही प्लंजर-बॅरलची जोडी, चहा पिऊन बरं होत नसतं.

येऊन-जाऊन होणारा बिघाड बहुतेक वेळा पंपाच्या अलीकडे असतो. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे ढकलतो. जिथे ढकललं जातं तिथे गळती झाली तर डिझेल बाहेर येतं, ते डोळ्यांना दिसतं. जिथे ओढलं जातं तिथे भेग असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नीरेच्या ग्लासातल्या नळीला चीर असली की तोंडात नुसती हवा येते, पण नीरा कुठे सांडलेली नसते, तसंच. म्हणून मिस्त्री टॉर्च मारून बघतो, नळी कोरडी दिसते आणि तो पुढच्या भागाकडे वळतो.

सपाटीला हे का होत नाही? कारण तिथे इंजिनाला डिझेल कमी लागतं. भरल्या गाडीने घाट चढताना पंपाचा रॅक, म्हणजे डिझेलचं माप ठरवणारी दांडी, पूर्ण उघडा असतो, ओढ वाढते आणि बारीक अडथळाही नडतो. एक उदाहरण सांगतो. टाकीत उतरलेल्या सक्शन पाइपला वरच्या बाजूला चीर असते. टाकी भरलेली असताना ती चीर डिझेलखाली असते, त्यामुळे काही कळत नाही. टाकी निम्मी झाली, त्यात चढणीला डिझेल एका बाजूला गेलं, की चीर उघडी पडते आणि पाइप हवा ओढू लागतो. अशा गाडीचा पंप कितीही वेळा खोला, काय उपयोग? टाकी फुल ठेवली असती तर निदान संशय तरी योग्य जागी गेला असता.

तेव्हा आधी एक वही कर. गाडी बंद पडली की लिही: डिझेलचा काटा कुठे होता, लोड किती, ऊन होतं की पहाट, कितव्या गिअरला आणि कशी बंद पडली. हे ‘कशी’ सर्वात महत्त्वाचं. बटण दाबल्यासारखी एकदम बंद झाली तर स्टॉप केबल बघ. स्टॉप सोलेनॉइड असेल तर त्याची वायर हलवून बघ. आचके देत, दम टाकत बंद पडली तर डिझेल कमी पडतंय. ताकद गेली आणि काळा धूर आला तर आधी एअर फिल्टर बघ. ताकद गेली आणि काळा धूर नाही, तर पुन्हा डिझेलच. हे मिस्त्रीला गॅरेजमध्ये कधीच दिसणार नाही, कारण त्याच्यापुढे गाडी येते ती चांगली होऊन. त्या क्षणी तिथे असतोस तो तू.

आता घाटात बंद पडल्यावर करायचं काम. पाचर आणि दगड चाकामागे आधी. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणं बंद आणि स्टिअरिंग जड, हे विसरू नकोस. मग सेल्फ मारायच्या आधी टाकीचं झाकण सैल कर. हवा आत ओढल्याचा आवाज झाला तर झाकणाचं बारीक भोक बुजलंय. डिझेल संपत जातं तशी आत हवा यायला हवी, नाहीतर टाकीच डिझेल धरून ठेवते. थांबलं की हवा हळूहळू शिरते आणि गाडी सुरू होते. झाकण सैल केल्यावर लगेच, गरम असतानाच गाडी सुरू झाली, तर पंपाच्या गरम होण्याचाही संबंध नाही.

आवाज झाला नाही तर फीड पंपावरचा हँडपंप मारून बघ. दांडा वर ओढायला जड जात असेल आणि सोडल्यावर मागे खेचला जात असेल, तर टाकीकडची वाट बंद आहे. तिथे कापडाचा धागा, प्लास्टिकचा तुकडा किंवा गंजाची खपली असते. इंजिन चालू असताना ओढीने ती जाळीला चिकटते, बंद झालं की सुटून खाली बसते. कधी नळीच्या आतला रबराचा थर सुटून तोच वाट अडवतो, बाहेरून नळी अगदी नवी दिसते. उलट दांडा पोकळ लागत असेल आणि बरेच फटके मारल्यावर घट्ट होत असेल, तर कुठूनतरी हवा शिरतेय.

यापुढचं काम घरी. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी बसवून घे. डिझेलला टिकणारी, दोन्ही टोकांना नवी क्लिप, सायलेन्सरपासून लांब. मग त्याच घाटाला, तेवढ्याच लोडने जा. मिसिंग सुरू झालं की बाजूला घे, पाचर लाव आणि इंजिन चालू असेल तोवर कुणाला तरी नळी बघायला सांग. बुडबुडे पळताना दिसले तर दोष नळीच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला. डिझेल स्वच्छ भरून वाहत असेल तर दोष पुढे.

आणखी खात्री हवी असेल तर स्वच्छ डिझेलचा एक कॅन केबिनच्या मागे उंचावर पक्का बांध आणि त्यातून नळी थेट फीड पंपाला दे. परतीचा पाइप टाकीतच जात असेल तर कॅन लवकर रिकामा होईल, तेवढं लक्ष ठेव. कॅनवर गाडी घाट बिनतक्रार चढली तर फीड पंप आणि त्याच्यापुढचं सगळं निर्दोष. निम्मी गाडी एका फेरीत संशयातून बाहेर! कॅनवरही बंद पडली तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह आणि ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह तपासायला घे, त्यांची स्प्रिंग दमते. त्यानंतरच मोठा पंप.

एका वेळी एकच गोष्ट बदल. मिस्त्रीने चार गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे आठवडाभर गाडी कशामुळे चालली हे त्यालाही सांगता येणार नाही. माझा अंदाज, काम करताना नळी हलली, क्लिप आवळल्या गेल्या आणि भेग तेवढ्यापुरती मिटली. बदललेला जुना भाग फेकू नकोस, तारीख लिहून ठेव.

आणि एक सक्त ताकीद. नॉझलच्या पाइपचा नट चालू इंजिनावर सैल करून हात धरू नकोस. तिथे शेकडो बारचा दाब असतो. डिझेल कातडीत शिरतं, वरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत बोट सडतं. तसं कधी झालंच तर दुखत नसलं तरी थेट दवाखाना.

मिस्त्रीवर राग धरू नकोस. तुझी गाडी त्याच्या दारात बिघडत नाही, हा काही त्याचा गुन्हा नाही. त्याला वही दाखव, तोही वेगळा विचार करेल. पारदर्शक नळी आणि कॅन, दोन्ही करून झालं आणि बोट पंपाकडेच वळलं, तर मला कळव. मी स्वतः येईन, आपण पंप उतरवू आणि बेंचवर मीच उभा राहीन. तेव्हा बेंचवाल्याला काय शोधायचं ते आधी सांगता येईल, आणि तो शोधेल तेवढ्याचंच बिल होईल.

तुझ्या आईला मी विचारलंय म्हणून सांग. वहीचं पहिलं पान भरलं की फोन कर.

तुझा,
मामा