साखर न घालता मंद आचेवरचे सफरचंद : मधुमेह असेल तर किती आणि कसे खावे?

"डॉक्टर, साखर अजिबात घातलेली नाही, फक्त गूळ आहे. मग चालेल ना?"

जालन्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न दर आठवड्याला कोणीतरी विचारतेच. कधी गुळाऐवजी मध असतो, कधी खजूर. अलीकडे त्यात सफरचंदाच्या 'हेल्दी' गोडाची भर पडली आहे. सफरचंद, गूळ, खजूर आणि दालचिनी विजेच्या स्लो कुकरमध्ये चार तास ठेवायचे आणि मग चमच्याने खायचे. पदार्थ चविष्ट असतो यात शंका नाही. तो मधुमेह असलेल्या माणसाने खावा का आणि खायचा तर कसा करावा, हे आज समजून घेऊ.

स्लो कुकर म्हणजे आपला वैलच

हे यंत्र फार नवे नाही. अमेरिकेतील आयर्विंग नॅक्सन यांना 1940 मध्ये त्याचे पेटंट मिळाले. लिथुआनियातल्या गावी बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर शिजणाऱ्या जेवणाच्या गोष्टी त्यांनी आईकडून ऐकल्या होत्या, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. 1971 पासून ते 'क्रॉक-पॉट' या नावाने घरोघरी पोहोचले. आपल्याकडे चुलीला वैल असायचा. मुख्य चुलीवर भाकरी व्हायची आणि बाजूच्या वैलावर वरणाचे किंवा दुधाचे भांडे हळूहळू तापत राहायचे. तत्त्व तेच आहे : कमी आच, झाकण आणि वेळ.

मंद आचेवर सफरचंदातील पेक्टिन मऊ होते आणि फोडींना स्वतःचाच रस सुटतो. शिवाय गरम पदार्थाची गोडी जिभेला गारपेक्षा जास्त जाणवते. म्हणून गोड सफरचंद मंद शिजवून गरम खाल्ले तर वरून साखर घालायची गरजच उरत नाही. मात्र शिजवल्याने फळातली मूळ साखर कमीही होत नाही. 100 ग्रॅम सफरचंदात साधारण 10 ग्रॅम नैसर्गिक साखर असते, ती शिजल्यावरही तेवढीच राहते.

एका काकूंचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका काकूंचा एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा तपास, 7.1 वरून 8.6 वर गेला. गोळ्या त्याच होत्या आणि त्या वेळेवर घेतल्या जात होत्या. ताप नाही, जंतुसंसर्ग नाही. चहा तर बिनसाखरेचा. पण पायांच्या तळव्यांची संवेदना आधीच कमी झालेली असल्यामुळे मला काळजी वाटली. अशा पायाला खडा टोचला तरी कळत नाही आणि साखर वाढलेली असेल तर ती जखम लवकर भरत नाही.

खाण्याची चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. लेकीने दिवाळीला स्लो कुकर घेऊन दिला होता. चार सफरचंदे, एक वाटी गूळ आणि दहा खजूर असा बेत. दोघे नवरा-बायको तो दोन दिवस पुरवायचे आणि संपला की पुन्हा करायचे. "साखरेचा कणही नाही हो त्यात," काकू म्हणाल्या.

मी कागद घेतला आणि त्यांच्यासमोर हिशेब मांडला. वाटीभर, म्हणजे सुमारे 150 ग्रॅम गुळात 120 ग्रॅमच्या आसपास साखर. दहा खजुरांत साधारण 50 ग्रॅम. चार सफरचंदांत 60 ते 65 ग्रॅम. एकूण झाली 230 ग्रॅमच्या पुढे. त्याचे चार वाटे केले तर काकूंच्या वाट्याला रोज जवळपास 60 ग्रॅम, म्हणजे 12 चमचे साखर. त्यातली फक्त तीन-साडेतीन चमचे फळाची होती, बाकी सगळी वरून घातलेली.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी हवी, आणि 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण 25 ग्रॅम असेल तर अधिक चांगले. मध आणि फळांचा रसही यात मोजतात. ही मर्यादा सर्वांसाठी आहे, मधुमेह असलेल्यांनी तर आणखी जपायला हवे. गुळात थोडी खनिजे असतात, पण त्यासाठी एवढी साखर पोटात घालणे हा तोट्याचा सौदा आहे. रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक फारसा कळत नाही.

फोड, लगदा आणि रस

1977 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पण फार बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन रूपांत दिले : अख्खे, लगदा करून आणि रस काढून. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट वेगाने संपला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वांत जास्त, लगद्याने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी दिली. रस आणि लगद्यानंतर रक्तातील इन्सुलिनही अख्ख्या फळापेक्षा जास्त वाढले.

आपल्या जालन्याची मोसंबी घ्या. भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ आपण बहुतेक वेळा गाड्यावर रस काढून पितो. एका ग्लासात तीन-चार मोसंब्या जातात आणि तो ग्लास दोन मिनिटांत रिकामा होतो. त्याच मोसंब्या सोलून खायला बसलात तर दुसऱ्या मोसंबीलाच हात थांबतो. सफरचंदाचेही तसेच आहे. म्हणून ते मऊ होऊ द्या, पण त्याचा लगदा करू नका. साल काढू नका, कारण चोथ्याचा बराच भाग सालीत असतो. ज्यांना दातांमुळे चावता येत नाही त्यांनी फोडी आणखी मऊ शिजवाव्यात, पण मिक्सरमधून काढू नयेत.

कसे करायचे?

चार मध्यम सफरचंदे नीट चोळून धुवा. बिया काढून सालीसकट मोठ्या फोडी करा. त्यात पाव वाटी पाणी, चमचाभर लिंबाचा रस, दालचिनीचा एक तुकडा, दोन लवंगा आणि चिमूटभर मीठ घाला. स्लो कुकरमध्ये 'लो'वर साधारण दोन तास ठेवा, मग सुरी टोचून पाहा. फोड मऊ झालेली पण अख्खी हवी. स्लो कुकर नसेल तर मुळीच विकत घेऊ नका. जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट झाकण ठेवून अगदी बारीक गॅसवर वीस-पंचवीस मिनिटांत हेच होते.

वरून अक्रोड किंवा बदामाचे काप आणि हवे तर चमचाभर घट्ट, बिनसाखरेचे दही घाला. कुकरमध्ये दूध किंवा खवा घालून तासन्‌तास ठेवू नका. मध्येच वीज गेली तर कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात.

दालचिनी चवीसाठी आहे, औषध म्हणून नाही. तिच्या भरवशावर गोळी बंद करू नका.

किती आणि केव्हा?

एवढ्यात सहा वाट्या होतात. एका वाटीत साधारण 10 ग्रॅम नैसर्गिक साखर आणि दोन ग्रॅमच्या वर चोथा येतो. मधुमेह असलेल्या माणसाला एक छोटी वाटी पुरे, तीही जेवणाबरोबर आणि त्या जेवणात अर्धी पोळी कमी करून. घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर पाहा. बहुतेकांसाठी ती 180 च्या आत असावी. तुमचे शरीर हा पदार्थ कसा पेलते, हे त्या आकड्यावरून कळेल.

एक महत्त्वाची गोष्ट : साखर अचानक कमी होऊन घाम आला, हात थरथरले, तर हे सफरचंद देऊ नका. त्यातली साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्या.

वेगळी वाटी नको

काकूंनी गूळ आणि खजूर थांबवला, सफरचंद नाही. तीन महिन्यांनी एचबीए1सी 7.3 आला. पहिले काही दिवस चव सपक वाटली, नंतर सवय झाली, असे त्यांनी सांगितले. त्याहून मला आवडले ते हे, की आता घरात एकच भांडे शिजते. नातवंडे सुटीत येतात तेव्हा तीही तेच खातात.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. घरातले सगळे बासुंदी खात असताना एकाच्या हातात 'तुझे वेगळे' म्हणून वाटी दिली, की तो माणूस रात्री फ्रिज उघडतो. असे फ्रिज उघडणारे कितीतरी रुग्ण माझ्याकडे येतात आणि त्यांना रागावून काही साधत नाही. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे एकाला मधुमेह असलेल्या घरात दुसरा कोणी उंबरठ्यावर असण्याची शक्यता बरीच आहे. पथ्य सगळ्या घराचे असेल तर ते कोणालाच शिक्षा वाटत नाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. गोळ्या किंवा इन्सुलिनचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.)