खानदेशची वाट, खानदेशचे ताट

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी सोनगड मागे टाकून नवापूरला येते. हे नवापूरचे स्टेशन मोठे गमतीचे आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा हद्दीची रेघ नेमकी या स्टेशनातूनच गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत! फलाटावरच्या एका बाकावर दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली आहेत. धनी महाराष्ट्रात आणि कारभारीण गुजरातेत, असे जोडीने बसता येते.

आमच्या खानदेशातली हजारो माणसे पोटासाठी सुरतेला गेली. उधना, लिंबायत या भागांत हिंडलात तर कानावर अहिराणीच पडेल. कोणी यंत्रमागावर, कोणी कापड रंगवण्याच्या कारखान्यात, कोणी हातगाडीवर. मीही त्यांतलाच एक. त्यामुळे नवापूरचा तो बाक मी पुष्कळदा पाहिला आहे. पण खरे सांगू का, जिभेची हद्द काही तिथे लागत नाही. नवापूर मागे पडले तरी फेरीवाल्याच्या टोपलीत खमण आणि फाफडाच असतो.

हद्द लागते ती नंदुरबारला. (हे गाव १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते.) हिवाळ्यात इथे मिरचीच्या पथाऱ्या पडतात. शेतेच्या शेते लाल गालिचा अंथरल्यासारखी दिसतात आणि डब्यातली लहान मुले शिंकू लागतात. सुरतेच्या वरणात गुळाचा खडा पडतो. पथाऱ्या दिसल्या की समजावे, तो गूळ संपला.

पुढे दोंडाईचा, शिंदखेडा, मग आमचे अमळनेर. साने गुरुजींच्या शाळेमुळे हे गाव सगळ्यांना ठाऊक. पण आज संगणकाच्या कामासाठी जगभर नाव असलेली विप्रो कंपनी १९४५ साली याच गावात वनस्पती तूप आणि तेल काढण्यासाठी सुरू झाली, हे पुष्कळांना सांगूनही पटत नाही. भुईमुगाचा मुलूख होता ना हा! आमच्या भाजीवर तेलाची तर्री का तरंगते, त्याचे उत्तरही यातच आले.

पुण्या-मुंबईकडच्या लोकांना खानदेश म्हटले की शेवभाजी आठवते. धाब्यावर बसून नाकाडोळ्यांतून पाणी काढीत ती खायची आणि फुशारकी मारायची. खाऊ देत बापडे. पण शेवभाजी ही मुळात अडचणीतली भाजी आहे. आमच्याकडे पाऊस बेताचा, आणि उन्हाळ्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो. मळ्यात पाणी नसले की टोपलीत भाजी कुठून येणार? मग घरधनीण डब्यातले बेसन काढते. त्याची शेव, त्याच्याच वड्या थापून पाटोडीचा रस्सा. डाळ भिजवून वाटायची, मुटके वळून वाफवायचे की झाले फुनके, सोबत कढी. उन्हाळभर घातलेले बिबडे, कुरडया, पापड असतातच. एकही पालेभाजी नसताना चार पाहुणे जेवून तृप्त उठले पाहिजेत, यासाठी या साऱ्या युक्त्या बायांनी काढल्या. धाब्याचा त्यात काही वाटा नाही.

कळण्याच्या भाकरीचेही तसेच. आमच्या घरी चार पायल्या ज्वारीला पायलीभर उडीद सालासकट घालून, वर मीठ टाकून दळतात. भाकरी काळपट होते, पण चव अशी की नुसत्या ठेच्याबरोबरही दोन जास्त जातात. धान्य आणि कडधान्य एकत्र आले की अंगाला पुरेशी प्रथिने मिळतात, असे आता आहाराचे जाणकार सांगतात. आमच्या माय-आज्यांनी ते प्रथिने हा शब्द न ऐकताच करून ठेवले होते. सुरतेत माझ्या घरी कळणे गावाहून पिशवीत येते. तिथल्या चक्कीवाल्याला ज्वारीत उडीद मिसळायला सांगितले की तो ‘चूक झाली का?’ अशा नजरेने बघतो.

भरताविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिलेच पाहिजे. जळगावकडचे भरताचे वांगे हिरवट पांढरे, हातात न मावणारे, बी कमी. यावल तालुक्यातल्या बामणोदचे त्यातही नावाजलेले. २०१६ साली या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच साली जळगावच्या केळीला आणि नवापूरच्या तूरडाळीलाही मिळाले. चातुर्मासात पुष्कळ घरी वांगे वर्ज्य असते. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की ते मोकळे होते, आणि मग शेताशेतांत भरताचा धूर निघू लागतो.

तो धूर पऱ्हाटीच्या काड्यांचा असतो, आणि चवीचे मर्म तिथेच आहे. कापूस वेचून झालेला, काड्या वाळलेल्या. त्यांचा जाळ झटकन पेटतो आणि झटकन बसतो. वांगे वरून कोळसा होते, आतून लोण्यासारखे शिजते. मग साल काढून, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी भांड्यात ते ठेचायचे. वर तेलात परतलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. गॅसवर भाजलेल्या वांग्याचे भरीत होते, नाही असे नाही. पण त्याला शेताचा वास कुठून आणणार?

शेतकरी मंडळींना आणखी एक सांगतो. गुलाबी बोंडअळी आल्यापासून कृषी खाते कंठशोष करते आहे की फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, अळी त्यातच दडून बसते. म्हणजे पऱ्हाटी उपटायची वेळ आणि भरताची वेळ एकच आली. अर्थात एका कुटुंबाच्या भरताने सगळ्या काड्या संपत नाहीत. तेवढा मोठा धनी अजून जन्माला यायचाय.

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, ताट वेगळे. सालदाराचे जुने साल या दिवशी संपते आणि नवे ठरते. पितरांसाठी घागर भरतात, तिच्यावर डांगर ठेवतात. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. आणि चुलीवर खापर पालथे पडते. हातावर फिरवीत फिरवीत पुरणपोळी एवढी मोठी करायची की कोपरापर्यंत हात झाकला पाहिजे, मग ती अलगद खापरावर टाकायची. पोळपाट-लाटण्याचे काम नाही. सोबत आमरस आणि झणझणीत रशी. आमच्या गल्लीत पूर्वी घरोघर ही पोळी करणारी बाई होती. आता आखाजीला दोघी-तिघींना चार दिवस आधी सांगून ठेवावे लागते, आणि त्या सगळ्या साठीच्या पुढच्या आहेत. सुना म्हणतात, हात भाजतो, पाठ मोडते. खोटे नाही ते. जावयांनी नुसती वाहवा करण्याऐवजी एकदा त्या चुलीसमोर बसून बघावे.

पण घर सोडून गेलेल्या माणसाला सगळ्यांत ओढून आणते ती कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. नारळाला नथ, डोळे, साज चढवून चौरंगावर मांडतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी नदीवर विसर्जन. आणि त्यासाठी रोट. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी गहू मोजायचे; तान्ह्या मुलाचीही मूठ पडते. आमच्या गावी त्या दिवशी गिरणी धुऊन काढतात आणि मग रोटाचे दळण घेतात. हा रोट भाऊकीनेच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही.

मी सुरतेला असलो तरी माझी मूठ पडते. वीस वर्षांत एकदाही चुकली नाही. गव्हाच्या त्या ढिगात माझे दाणे आहेत, म्हणजे मी अजून या घरचा आहे. वाटण्या झाल्या, शेताचे तुकडे पडले, बांधावरून बोलणी बंद झाली, तरी रोटाला माणूस मोजावाच लागतो.

बायांची मूठ मात्र पडत नाही. निवडायचे त्यांनी, उपास त्यांनी धरायचा, रात्र त्यांनी जागवायची, आणि मोजणीत त्या नाहीत. माझी मुलगी सुरतेत जन्मली, वाढली. गेल्या साली ढिगापाशी बसून तिने मायला विचारले, “माझी कोणती?” माय म्हणाली, “पद्धत नाही.” वहिनी तोंड फिरवून चूल फुंकीत राहिली. मला स्वतःला वाटते, सव्वा मूठ गव्हाने कानबाई रागावणार नाही. भाऊकीत हे बोलून दाखवले तर दोघे हसले, एक उठून गेला.

आता सुरतेतही कानबाई बसते, तिची मिरवणूक वाजतगाजत निघते. आमच्या भाऊकीतली निम्मी घरे तिकडेच आहेत. तेव्हा धाकट्या भावांनी विषय काढला की गावी येण्यात चार दिवसांची मजुरी बुडते, यंदा रोट सुरतेलाच करू. जिभाऊंनी ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि म्हणाले, “कानबाई आठेच बठी.” म्हणजे ती इथेच बसेल. धाकटे गप्प झाले, पण पटले आहे असे काही त्यांच्या तोंडावर दिसले नाही. श्रावणाच्या आधी पुन्हा बैठक आहे. मुलीच्या मुठीचे मी त्याच बैठकीत पुन्हा काढणार आहे.