बेत, तरतूद, बेगमी

उद्याचा विचार आजच करून ठेवण्याला मराठीत अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. काही शब्द मनात राहतात, काही कागदावर उतरतात, काही थेट कोठीच्या खोलीत जाऊन बसतात. सहलीचा बेत होतो, पण सहलीची बेगमी होत नाही. वर्षाच्या धान्याची बेगमी होते, पण तिला कोणी मनसुबा म्हणत नाही.

मनात राहणाऱ्या शब्दांत सर्वांत हलका बेत. तो आखला जातो, ठरतो, जमतो किंवा फसतो, आणि फसला तरी फारसे बिघडत नाही. घरोघरी तो जेवणाशी जोडलेला असतो. ‘आज काय बेत?’ या प्रश्नाचे उत्तर पुरणपोळी, मटण किंवा पिठलं-भाकरी असे येते. मनसुबा याहून जड. अरबीत ‘मन्सूबा’ म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर मोहरी विशिष्ट रीतीने मांडून सोडवायला दिलेला डाव. मराठीत आल्यावर या शब्दात सहजच ‘मन’ ऐकू येऊ लागले. पण पुढच्या चाली आधीच जोखण्याचा मूळ भाव टिकून राहिला. अनेकांनी मिळून, दार लावून पुढचे ठरवले की त्याचे खलबत होते. ‘खल्वत’ म्हणजे एकांत. रायगडावर खलबतखाना आजही दाखवतात.

मनातला विचार कागदावर आला की आखणी सुरू होते. हा शब्द रेघेतून आला आहे: वही आखतात, रस्ता आखतात, तसाच कार्यक्रमही आखतात. म्हणून आखणीत क्रम आणि मोजमाप गृहीत असते. योजना आणि नियोजन ‘युज्’ म्हणजे जोडणे या एकाच धातूचे. व्यवहारात योजना म्हणजे तयार झालेला आराखडा आणि नियोजन म्हणजे ती तयार करण्याची व राबवण्याची चालू प्रक्रिया. स्वतंत्र भारतात 1951 साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि हे दोन्ही शब्द सरकारी कागदांतून गावोगाव पोहोचले. कुटुंब मर्यादित ठेवण्याच्या कामालाही पुढे नियोजन हाच शब्द लागला. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत त्यासाठी सल्ला केंद्र सुरू केले तेव्हा त्यांचा शब्द ‘संततिनियमन’ होता. 1952 पासून सरकारी कार्यक्रम आला आणि ‘कुटुंबनियोजन’ हा शब्द रुळला. नियमनात आवर घालण्यावर भर आहे. नियोजनात आवराबरोबर पुढच्या आयुष्याचा विचारही येतो.

संकल्पाचे स्थान वेगळे आहे. पूजेच्या आरंभी संकल्प करताना स्थळ, काळ, करणाऱ्याचे नाव-गोत्र आणि हेतू यांचा उच्चार करतात. कोणतेही काम ठरवताना जे सांगायला हवे, ते बहुतेक सारे त्यात येते. सरकारच्या वार्षिक जमाखर्चाला मराठीने ‘अर्थसंकल्प’ म्हटले, ते म्हणूनच शोभून दिसते. ‘अंदाजपत्रक’ फक्त आकड्यांचा अदमास देते. ‘अर्थसंकल्प’ म्हटले की शब्द दिल्याची जबाबदारी येते.

या साऱ्यांत सर्वांत अर्थगर्भ जोडी तरतूद आणि बेगमी यांची. तरतुदीचे मूळ अरबी ‘तरद्दुद’: येरझाऱ्या, घालमेल, खटपट. बेगमी फारसी ‘बे-गम’ यातून आली: ज्याला चिंता नाही तो. एका शब्दाच्या मुळाशी काळजी आहे, दुसऱ्याच्या मुळाशी काळजी मिटणे. आणि मराठीत दोन्ही एकाच कामाला लागले. त्यांची वाटणीही सुरेख झाली. तरतूद पैशाची आणि कायद्याची: मुलीच्या शिक्षणाची, म्हातारपणाची, अर्थसंकल्पातली, कलमातली. बेगमी खाण्या-जाळण्याच्या वस्तूंची, आणि तिला मुदत असते: चार महिन्यांची, वर्षाची. धान्य, सरपण, वैरण यांची बेगमी होते.

या मुदतीला अर्थ दिला तो पावसाने. शिवाजी महाराजांच्या एका पत्रात चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना सक्त ताकीद आहे. पावसाळ्यासाठी जमवलेला दाणागोटा आताच उधळला, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि लष्कर रयतेच्या घरातले ओरबाडू लागेल, असा त्याचा आशय. बेगमी चुकली की तिची किंमत निरपराध माणूस मोजतो, ही समज या पत्राच्या गाभ्याशी आहे.

कोकणात पावसाच्या तोंडाला ‘आगोट’ म्हणतात. आगोटीच्या खरेदीत सुके बोंबील, जवळा, सोडे, आमसुले, कडधान्य आणि कांद्याच्या माळा येतात. गोव्यात याच साठवणीला ‘पुरुमेंत’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून आला आणि त्याच्या नावाने पावसाआधी फेस्तही भरते. देशावर उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड यांचे वाळवण पडते. घाटाच्या दोन्ही बाजूंना या कामाचा मोठा भार बायकांनी उचलला, आणि बेगमीचा खरा हिशेब पुस्तकांपेक्षा त्यांच्या हातांना अधिक ठाऊक होता.

‘आगाऊ’ हा शब्द मात्र दुहेरी आहे. आगाऊ रक्कम, आगाऊ आरक्षण हे शहाणपण. पण आगाऊ पोरगा म्हणजे मर्यादा ओलांडणारा. वेळेआधी काम उरकणारा आणि वेळेआधी तोंड उघडणारा, दोघांना भाषेने एकच विशेषण दिले. अति पुढचे बोलणाऱ्यासाठी ‘बाजारात तुरी’ आहेत, अति उशिरा जागे होणाऱ्यासाठी ‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ आहे. योग्य वेळ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते.

ठरवलेले सारे पार पडत नाही, आणि त्यासाठीही क्रियापदे ठरलेली आहेत. बेत फसतो, मनसुबा उधळला जातो, योजना बारगळते, तरतूद अपुरी पडते, बेगमी संपते. मग उपयोगी पडते ती तजवीज. पाहुणे अचानक आले, गाडी चुकली, पाऊस लांबला, की ‘काहीतरी तजवीज करू’ असे म्हटले जाते. हातात जे आहे त्यातून वाट काढणे म्हणजे तजवीज. दूरचे पाहणे आणि समोरचे निभावणे या दोन्ही गोष्टी जगण्याला लागतात, आणि मराठीने दोन्हींसाठी शब्द राखून ठेवले आहेत.