ल्यूसीचं हसू

गाण्याचा शेवटचा सूर लावता लावता आयरीन डनला हसू फुटतं आणि त्या हसण्यालाच सुरात बसवून ती गाणं पुरं करते. ‘द ऑफुल ट्रुथ’ मी पुष्कळदा पाहिलाय, तरी हा क्षण जवळ आला की अजूनही सरसावून बसते. ल्यूसी आणि जेरी यांचा घटस्फोट मंजूर झालाय, फक्त नव्वद दिवसांची मुदत संपायची आहे. गाण्याच्या मास्तरांशी हिचं काहीतरी आहे, या संशयाने जेरी मास्तरांच्या घरात घुसतो. बघतो तर तिथे पाहुणे बसलेत आणि ल्यूसी त्यांच्यापुढे गातेय. ओशाळून तो मागच्या खुर्चीत टेकतो, खुर्ची मागे कलवतो आणि खुर्चीसकट कोसळतो. तिला गाणं सोडता येत नाही, हसू आवरत नाही. आपल्याला इतकं हसवणारा माणूस दुसरा मिळायचा नाही, हे तिला त्या घटकेला उमगतं. आपल्याला ते जरा आधीच उमगलेलं असतं.

सत्तरच्या दशकात पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीत मी तो पहिल्यांदा पाहिला. लग्न नवं होतं. ह्यांना सिनेमाचं वेड आणि आईला घरी ठेवून जायला जीव होत नसे, म्हणून सासूबाईही बरोबर असायच्या. मागे सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर घरघरायचा. रीळ बदलताना दिवे लागायचे आणि तेवढ्यात लोक आधीच्या रिळावर वाद घालून घ्यायचे. काय सुंदर संध्याकाळी होत्या त्या! संवाद इतके भरभर की माझे निम्मे सुटले. सासूबाईंना तर इंग्रजीचा गंध नव्हता. पण टोपीच्या प्रसंगाला त्या डोळ्यांना पदर लावून हसल्या.

त्या प्रसंगाचा नायक म्हणजे मिस्टर स्मिथ हा कुत्रा. ‘द थिन मॅन’मधला आस्टा तो हाच. कुत्रा कोणाकडे राहणार यावर कोर्टात वाद होतो. जज्ज त्यालाच निवडायला सांगतात आणि ल्यूसी त्याचं आवडतं खेळणं हळूच दाखवून त्याला आपल्याकडे ओढते. पुढे मास्तर घरी आलेले असताना जेरी येऊन टपकतो. ती मास्तरांना आतल्या खोलीत दडवते, पण त्यांची टोपी बाहेरच राहते. ती टोपी लपवणार आणि मिस्टर स्मिथ मोठ्या कौतुकाने ती परत आणून देणार! शेवटी जेरी तीच टोपी आपली समजून डोक्यावर चढवतो आणि ती पार भुवयांवर उतरते. कॅरी ग्रँट आरशात बघून जो चेहरा करतो, त्याला कुठली भाषा लागते?

घरी चालत येताना सासूबाईंनी मला विचारलं, “का गं, वेगळं व्हायला निघालेली माणसं एकमेकांच्या इतकी मागेमागे फिरतात होय?” मग बराच वेळ त्या ‘कुंकू’बद्दल बोलत राहिल्या. ‘प्रभात’चा ‘कुंकू’ही १९३७चाच, तो त्यांनी लहानपणी पाहिला होता. शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याचं नवरेपण मानत नाही, पण तिच्यापुढे कोर्टाची वाट नाही. केशवराव दात्यांचे काकासाहेब जीव देतात तेव्हाच ती मोकळी होते. मुंबई इलाख्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७मध्ये. “तिला नव्वद दिवस मिळाले असते तर,” असं म्हणून सासूबाई गप्प झाल्या. एकाच वर्षातले हे दोन सिनेमे तेव्हापासून माझ्या मनात शेजारी शेजारी आहेत. वेगळं होण्याची मुभा असताना पुन्हा एकमेकांकडे वळणं किती मोलाचं असतं, ते मला ‘कुंकू’मुळे कळलं.

‘द ऑफुल ट्रुथ’चा दिग्दर्शक लिओ मॅकॅरी. लॉरेल आणि हार्डीची जोडी जमवण्यात याचा हात होता, त्यामुळे माणूस पडला की हसू कधी येतं आणि कणव कधी, याची त्याला पक्की जाण. पटकथा पुरी नसतानाच चित्रीकरण सुरू झालं. सेटवर तो पियानो वाजवत बसे, सुचेल तसे प्रसंग नटांना सांगे. ग्रँट इतका हबकला की त्याने सिनेमातून मोकळं करा म्हणून गळ घातली. नशीब आपलं, कोणी ऐकलं नाही! या सिनेमाने मॅकॅरीला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. ते घेताना तो म्हणाला, तुम्ही चुकीच्या चित्रपटासाठी दिलंत. त्याचा जीव होता त्याच वर्षीच्या ‘मेक वे फॉर टुमारो’वर, मुलांच्या सोयीसाठी ताटातूट झालेल्या म्हाताऱ्या नवराबायकोच्या गोष्टीवर. मी तोही पाहिलाय आणि पोटभर रडलेय. पण परीक्षक चुकले असं मी म्हणणार नाही.

आणि राल्फ बेलामी! ल्यूसीशी लग्न करायला निघालेला ओक्लाहोमाचा तेलवाला डॅन, आईला बरोबर घेऊन फिरणारा. बेलामीला गाता येत नव्हतं, डनला पियानो बेताचाच येत होता, म्हणून मॅकॅरीने मुद्दाम दोघांना एकत्र गायला बसवलं. तो बेसूर गातो, पण मनापासून. ल्यूसीवर कविता करतो तीही मनापासून, आणि दाराआडून जेरी तिला गुदगुल्या करत असतो. डॅन जरा जरी दुष्ट असता तर सगळा खेळ सोपा झाला असता. तो भला आहे, तिला सुखात ठेवेल, तरीही ती त्याच्याबरोबर हसणार नाही, हे बेलामीने एकदाही कीव न मागता उभं केलं. सहायक अभिनेत्याचं नामांकन तेवढं मिळालं. १९८७मध्ये त्याला मानद ऑस्कर दिलं, ती बातमी ह्यांनी वाचून दाखवली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “तो आईला घेऊन फिरायचा तोच ना?” त्यांनी विचारलं, आणि ह्यांना ती बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली.