ओआरएसचे पाकीट आणि अकरावीचे रसायनशास्त्र

"डॉक्टर व्हायचं तर मोल आणि द्रावणाची गणितं कशाला?" अकरावीत जीवशास्त्र घेतलेली धारणीची मुले मला नेहमी विचारतात. मी त्यांच्या हातात ओआरएसचे पाकीट देतो. पालकांनो, तुम्हीही वाचा. पावसाळ्यात मेळघाटात हे गणित लेकरांच्या जिवाशी जोडलेले असते. जुलै २०२२ मध्ये शेजारच्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी येथे दूषित पाण्यामुळे कॉलरा पसरला, माणसे दगावली.

मोठ्या पाकिटात एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. वजनात ग्लुकोज मिठाच्या पाचपट. पण शरीर वजन पाहत नाही, कण पाहते. एक किलो बोरे आणि एक किलो ज्वारी यांतल्या दाण्यांची संख्या सारखी असते का? कण मोजण्याचे माप म्हणजे मोल. डझनासारखेच, फक्त फार मोठे. ग्लुकोजचा एक मोल १८० ग्रॅमचा, म्हणून १३.५ ग्रॅम म्हणजे ७५ मिलिमोल. मीठ आणि सायट्रेट यांतले सोडियमही मिळून ७५ मिलिमोलच!

ही बरोबरी मुद्दाम ठेवली आहे. आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते सोडियम आणि ग्लुकोजला जोडीने आत घेते, आणि त्यांच्यामागे पाणी जाते. जुलाबातही हे दार बहुधा उघडेच राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून हजारो कॉलरा रुग्ण वाचवले.

आता परासरण. मीठ लावलेली कैरी पाणी सोडते, कारण पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. काही आया एका पेल्यात अख्खे पाकीट टाकतात; "दाट केलं म्हणजे लवकर गुण येईल," असे त्यांना वाटते. घडते उलटे. दाट द्रावण शरीरातले पाणी आतड्यात ओढते, जुलाब वाढतात, रक्तातले सोडियम चढून झटकेही येऊ शकतात. फार पातळ केले, तर मीठ कमी पडते.

म्हणून एवढे पाळा:

- पाणी उकळून थंड करा. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पाकीट एकदाच विरघळवा.
- वरून साखर, मीठ किंवा सरबत घालू नका. २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या.
- चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका.
- बाळ सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त आले किंवा पोटात काहीच टिकेना, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठा. वाटेतही ओआरएस पाजत राहा.

विद्यार्थ्यांनो, मोलचे गणित नीट शिका. आणि घरी पाकीट फोडले जाईल, तेव्हा पाणी तुम्ही मोजा.